ज्याने मला ‘नाही’ म्हटलं, त्याच्याकडेच लेकीला पाठवलं



थेपले, खाकरे आणि ओळीतल्या आयंबिलाबद्दल लिहिणारी बाई आज समुद्राच्या तळाबद्दल लिहायला बसली, म्हणून हसू नका. गेल्या वर्षभरात मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या आपल्या घरांमधून निदान पाच जणींनी मला हाच प्रश्न विचारलाय. कुणाची सून लग्नानंतर अंदमानला निघालीय, कुणाच्या मुलाचा कॉलेजचा ग्रुप मालवणला चाललाय. “पाण्याखाली नेतात म्हणे. पाठवावं का? आणि पाठवायचं तर कोणाबरोबर?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या त्याच्या घरात आणि ज्याच्या त्याच्या पच्चक्खाणात आहे. दुसऱ्याबद्दल मात्र माझं मत आता पक्कं झालंय, आणि ते इथे उघडपणे मांडते.

आमच्या घरात हा विषय निघाला तो लेकीमुळे. तिला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्याच पगारात मैत्रिणींबरोबर अंदमानच्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर जाऊन स्कुबा डायव्हिंग करायचं ठरलं. आमचे हे काही बोलले नाहीत. ते दुकानातून घरी आले की असंही काही बोलत नाहीत. बोलल्या त्या सासूबाई. “पाण्यात उतरायचं, तेही मौजेसाठी? अप्कायाची केवढी विराधना!”

सासूबाईंचं चूक नाही. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव, हे आपण पाठशाळेत शिकलो. चौदा नियम धारणाऱ्या बायका रोज सकाळी स्नानाचीसुद्धा मर्यादा ठरवतात. आणि ज्यांनी दिशा परिमाण व्रत घेतलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मलाही साध्वीजी महाराजांनी लक्षात आणून दिली: त्या व्रतात चार दिशांबरोबर ऊर्ध्व आणि अधोदिशा पण येतात. खाली किती जायचं याची मर्यादा तुम्ही घेतली असेल, तर समुद्रात उतरण्याआधी ती आठवा. आपल्याला वाटतं अधोदिशा म्हणजे तळघर नाहीतर विहीर. तसं नाही.

पण लेकीने ते व्रत घेतलेलं नाही, आणि ती जाणार होती हे मला दिसत होतं. नाही म्हटलं असतं तर न सांगता गेली असती. तेव्हा मी म्हटलं, अंदमान नंतर. आधी मालवणला माझ्यासमोर कर. मला कळू दे हे प्रकरण काय आहे ते.

माझ्या मनात धास्ती होती त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी माझी धाकटी नणंद अशीच एका समुद्रकिनारी पॅकेजमध्ये स्कुबा करून आली. पॅराग्लायडिंग, बनाना राईड, स्कुबा, सगळं मिळून एकच तिकीट. हॉटेलातल्या मुलाने बुकिंग केलं. कोण नेतंय, त्याचं नाव काय, काही माहीत नाही. तिला सर्दी होती. कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. कान दुखायला लागला म्हणून तिने वर जाण्याची खूण केली, म्हणजे तिला वाटलं ती खूण वर जाण्याची आहे. गाईडने तिला आणखी खाली नेलं, कारण मागे दुसरी होडी रांगेत उभी होती. वर आली तेव्हा कानातून रक्त. पुढे दोन महिने पुण्याच्या डॉक्टरांकडे फेऱ्या, आणि अजूनही पर्युषणात प्रतिक्रमणाला बसलं की ती उजवा कान पुढे करते.

तिच्या कानाचं काय झालं ते मला नंतर समजलं, आणि प्रत्येकीने समजून घ्यावं असं मला वाटतं. आपल्याकडच्या विहिरी चाळीस-पन्नास फूट खोल असतात, त्यांच्यावरूनच हिशोब करू. तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर पाण्याखाली गेलं की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. पहिल्या दहा-पंधरा फुटांतच कानाचा पडदा आत दाबला जातो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की तो दाब सारखा होतो. हे दर दोन-तीन फुटांना करावं लागतं. सर्दी असेल तर ती वाट बंद असते आणि फुंकर लागत नाही. मग थांबायचं, थोडं वर यायचं, आणि नाहीच जमलं तर डायव्ह सोडून द्यायची. ज्याला घाई आहे तो माणूस हे करूच शकत नाही. एवढीच गोष्ट आहे, पण कान त्या गोष्टीत जातो.

आपण व्यापारी लोक. बाजरी घेताना सुद्धा पोत्यात हात घालून तळापासून मूठभर दाणे काढतो, तळहातावर चोळतो, एक दाणा दाताखाली धरतो. आणि मुलाला पाण्याखाली पाठवताना मोबाईलवर एक रील बघतो आणि पैसे भरतो! याचं मला फार नवल वाटतं.

तर गेल्या जानेवारीत आम्ही मालवणला गेलो. मालवण म्हणजे आपल्याला परकं वाटतं, पण शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तसं म्हणू नये. शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या राजांनीच १६६४ मध्ये तिथल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. स्कुबाच्या बहुतेक होड्या त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशीच नेतात. आणि आपल्या नाणेघाटातून तर दोन हजार वर्षांपूर्वीपासून माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत होता. समुद्राशी आपलं नातं फक्त उधारीवर थांबलंय, इतकंच.

मालवण आणि तारकर्लीच्या रस्त्यावर पावलापावलावर स्कुबाचे बोर्ड आहेत. मी पहिल्या दिवशी कुठेच पैसे भरले नाहीत. लेक वैतागली. मी म्हटलं, लग्नाची साडी घेताना तू मला सहा दुकानं फिरवलंस, आता माझी पाळी.

पहिल्याच ठिकाणी भाव कळला, सातशे रुपये माणशी, व्हिडिओ फुकट. मी विचारलं, कोणी डॉक्टरी फॉर्म भरून घेता का? त्याने टेबलाखालून एक झेरॉक्स काढली. माझं वय सत्तेचाळीस, आणि गेली तीन वर्षं मी रक्तदाबाची गोळी घेते. मी ते सांगितलं. तो मुलगा गोड हसला. “काकी, काय होवचा नाय! सगळ्याक ‘नाही’ टिक करा.” त्याला वाईट म्हणावंसं वाटत नाही. दिवसाला साठ-सत्तर माणसं उतरवायची असतील तर तो तेच म्हणणार. पण मी फॉर्म तसाच ठेवून उठले.

तिसऱ्या ठिकाणी एक मध्यमवयीन इन्स्ट्रक्टर होते. त्यांनी भाव सांगायच्या आधी फॉर्म पुढे केला आणि शेजारी बसून एकेक प्रश्न मराठीत समजावला. जगभरात नवशिक्यांसाठी जो फॉर्म वापरतात त्यात दहा मुख्य प्रश्न असतात: दमा किंवा छातीचा आजार, हृदय, रक्तदाब, फिट, कानाचं ऑपरेशन, अलीकडची शस्त्रक्रिया, चालू औषधं, पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर त्याबरोबर आणखी काही. एकाही महत्त्वाच्या प्रश्नाला ‘हो’ आलं की डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. बायकांसाठी सगळ्यात मोठा मुद्दा गरोदरपणाचा. दिवस राहिलेत अशी नुसती शंका असली तरी उतरायचं नाही. नवी लग्नं झालेल्या मुलींना हे आईने किंवा सासूने सांगायला हवं, कारण तिथे होडीवर दहा पुरुषांसमोर ती बोलणार नाही.

माझ्या कागदावर ‘हो’ आला. ते म्हणाले, “ताई, तुम्ही होडीत बसा. मुलीला मी नेतो. तुमचे डॉक्टर लिहून देतील तेव्हा पुढच्या वेळी या.” माझे अठराशे रुपये त्यांनी सोडून दिले. मनातून मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, मलाही ते निळं पाणी आतून बघायचं होतं. पण त्या क्षणी मी लेकीचे पैसे भरले.

माझं मत एका वाक्यात हेच आहे. जो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो, त्याच्याकडे जा. बाकीचं सगळं त्यानंतर.

बाकीचं म्हणजे काय, तर मी त्यांना जे विचारलं ते. पाण्यात एका माणसामागे किती जण? ‘पाडी’ सारख्या संस्थांच्या नियमात नवशिक्यांच्या पहिल्या डायव्हला एका इन्स्ट्रक्टरमागे चारपेक्षा जास्त जण समुद्रात नेत नाहीत, आणि १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. मालवणला पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, तिथे एकाला एकच बरा. त्यांनी तेच सांगितलं. इन्स्ट्रक्टरचं कार्ड मागितलं, त्यांनी दाखवलं. त्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या साईटवर टाकून बघता येतो, लेकीने दोन मिनिटांत बघितला. होडीवर आणीबाणीसाठी शुद्ध ऑक्सिजनची वेगळी पेटी आहे का, ते विचारलं. इथे एक गंमत. आपण सगळे पाठीवरच्या टाकीला ‘ऑक्सिजनचा सिलेंडर’ म्हणतो. त्यात ऑक्सिजन नसतो, आपण घेतो ती साधी हवाच दाबून भरलेली असते. ती हवा नाकाशी धरून बघितली तर तेलाचा, धुराचा वास येता कामा नये. येत असेल तर हवा भरण्याचं यंत्र बिघडलंय, परत फिरा.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका. पहिल्या डायव्हला पोहणं लागत नाही. आपल्या गावात मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, मुलींना कोण शिकवतं? पण एक नियम सगळ्यांना सारखा: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पाण्याखाली श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगते, आणि ते कानापेक्षा फार वाईट. जो इन्स्ट्रक्टर हे वाक्य तुमच्याकडून तीनदा वदवून घेत नाही त्याने शिकवलंच नाही असं समजा. आणि खुणा आधी पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘मला वर न्या’. छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आपल्या बायका आनंदाने अंगठा दाखवतात आणि दोन मिनिटांत वर येतात, असं ते हसत सांगत होते. माझ्या नणंदेला मात्र हे कोणी शिकवलंच नव्हतं.

होडीचं वेगळं बघा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. ते पाण्याखाली नव्हते, होडीत होते. म्हणून होडीवर किती माणसांची परवानगी लिहिलीय, तुम्ही किती बसलात, आणि प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट बंद केलेलं आहे की मांडीवर ठेवलंय, हे मोजा. मी मोजलं. एक लहान मुलगा बिनजॅकेटचा होता, त्याच्या वडिलांना राग आला माझा. येऊ दे.

मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत तिथलं सगळं बंदच असतं. त्याच्या आधीचे शेवटचे आठ-पंधरा दिवस, सुट्ट्यांची गर्दी आणि फिरलेला समुद्र, मी तरी कधी जाणार नाही. आपले साधुसाध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात ते जीवांच्या जयणेसाठी. कोकणातल्या होड्याही साधारण त्याच काळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर निघा, दोन्ही हिशोब जुळतात.

जयणा हा शब्द आलाच आहे, तर आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता तिकडे येते.

होडी निघाली तेव्हा खलाशाच्या पायाशी पावाची पिशवी होती. मी विचारलं, नाश्ता का? तो म्हणाला, नाही, माशांना. पाव कुस्करून टाकला की मासे गोळा होतात, म्हणजे व्हिडिओत चांगले येतात. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी हात जोडले असते. आपण तळ्यावर गेलो की कणकेच्या गोळ्या माशांना घालतोच ना? जीवदया म्हणून. होडीत एक भाभी होत्या, आपल्यातल्याच, सातारकडच्या. त्यांनी तर मोठ्या श्रद्धेने स्वतःच्या डब्यातला खाकरा टाकला.

मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगते. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुण्य म्हणून माकडांना बिस्किटं घालणाऱ्यांनी त्यांना असं करून ठेवलंय की म्हातारीच्या हातातली पर्स ओढतात. झाडपाला सोडून ती पायऱ्यांवर बसून राहतात. तो उपकार झाला का त्यांच्यावर? समुद्रातही तेच. पावाला सवकलेले मासे आपलं काम सोडून होडीखाली घिरट्या घालतात. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवणं हे कितीतरी माशांचं रोजचं काम आहे. ते त्यांनी सोडलं की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं. आणि ते मासे आपण भुकेले म्हणून नाही, व्हिडिओसाठी बोलावले होते. अनुकंपा आणि आमिष यात फरक आहे. गळाला लावलेली कणीकही कणीकच असते.

मी इन्स्ट्रक्टरना म्हटलं, आमच्या डायव्हला पाव नको. ते जरा थबकले. म्हणाले, मासे कमी दिसतील, मग लोक तक्रार करतात. मी म्हटलं, मी करणार नाही. त्यांनी पिशवी फळीखाली सरकवली. शेजारच्या होडीने टाकायचा तो टाकलाच. भाभींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी भुकेल्याच्या तोंडचा घास काढला.

दुसरी गोष्ट हात लावण्याची. आदल्या दिवशी एका दुकानाबाहेर फोटो लावलेले होते: कुणी तळहातावर तारामासा घेतलाय, कुणी प्रवाळावर उभं राहून विजयाची खूण केलीय. प्रवाळ म्हणजे दगड नाही. लहान लहान प्राण्यांची ती वसाहत असते, वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटीमीटर वाढणारी. एका टाचेखाली किती वर्षं जातात बघा. कायद्यानेही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, वाघाच्या पंगतीत. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे.

आणि आपल्याला कायदा सांगायची गरजच काय? शांतिसूरींच्या जीवविचारात पृथ्वीकायाच्या यादीत स्फटिक, मणी, रत्न यांच्याबरोबर विद्रुम आलेलं आहे. विद्रुम म्हणजे प्रवाळ. शंख आणि कवड्या बेइंद्रिय, मासे पंचेंद्रिय जलचर. आज शास्त्रज्ञ प्रवाळाला प्राणी म्हणतात, जीवविचार पृथ्वीकाय म्हणतो. तो वाद मोठ्यांनी करावा. पण ‘यात जीव आहे’ याबद्दल दोघांचं एकमत आहे, आणि मला उभं राहायला तेवढं पुरे. आपण पाठशाळेत ती गाथा घडाघडा म्हणून बक्षीस घेतलं आणि मालवणला जाऊन त्याच विद्रुमावर उभं राहून फोटो काढला, तर पाठांतराचं काय केलं आपण? (येताना शंखशिंपल्यांची माळ घेऊ नका, हे आता वेगळं सांगत नाही.)

काहीजणी म्हणतील, एवढी जयणा पाळायची तर उतरायचंच कशाला? प्रश्न बरोबर आहे. सासूबाईंनी तोच विचारला. पण आपल्या मुली उतरणारच आहेत. स्वयंपाकघरात अग्नीकायाची विराधना होते म्हणून आपण चूल बंद केली नाही, पुंजून घ्यायला शिकलो. पाणी गाळून घ्यायला शिकलो. उतरणाऱ्या मुलीला ‘तरंगत राहा, पाय टेकू नकोस, हात अंगाशी धर’ हे सांगणं मला त्याच जातीचं वाटतं. आणि ज्या इन्स्ट्रक्टरला समुद्रातल्या जीवाची फिकीर आहे तो माझ्या लेकीच्या जिवाचीही करेल, असा माझा साधा हिशोब. उलट जो फोटोसाठी तारामासा उपटतो तो घाईसाठी कानही फाडेल.

लेक एकूण वीस-बावीस मिनिटं पाण्याखाली होती. मी नवकार मोजत बसले होते, एकशे आठ दोनदा झाले. बुडबुडे दिसत होते तोवर जीव थाऱ्यावर, एक लाट आली की बुडबुडे दिसेनासे. वर आली ती हसतच. कान ठीक. मासे? “दिसले, पण थोडे. पाणी हिरवट होतं.” तिच्या मैत्रिणीच्या व्हिडिओत माशांचा पाऊस आहे, हिच्या व्हिडिओत एक खडक, दोन पट्टेरी मासे आणि खूपसं हिरवं पाणी. थोडी हिरमुसली होती. ते मी लपवत नाही. पावाला नाही म्हटल्याची ती किंमत आहे, आणि ती तिने भरली, मी नाही.

आता आपल्या घरच्या काही गोष्टी, ज्या कोणी स्कुबावाला सांगणार नाही. उपवास, एकासणं किंवा आयंबिल असेल त्या दिवशी उतरू नका. अंगात पाणी कमी असताना हे करायचं नसतं. सकाळी सातची होडी मिळाली तर नवकारसीवाल्यांना ती चालत नाही, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं, मग दूध-थेपला, मग तासाभराने निघा. म्हणून आदल्या दिवशीच नऊनंतरची वेळ मागून घ्या. चौविहाराची सोय मालवणात स्वतःच करावी लागते. ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी आमच्यासाठी वेगळं भांडं धुऊन दिलं आणि कांदा-लसणाशिवाय डाळभात केला, पण घरभर माशांचा वास असतो, मन तयार ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या घरी ठेवा. केसांची घट्ट वेणी घाला, मास्कखाली एक बट आली तरी पाणी झिरपतं. कपडे बदलायला दाराची कडी लागणारी खोली आहे का, ते पैसे भरायच्या आधी डोळ्यांनी बघा. आणि पूर्ण बाह्यांचा, पायापर्यंतचा सूट मागा, मिळतो. अंगही झाकतं आणि प्रवाळाला त्रास देणारं ते उन्हाचं क्रीम फासावं लागत नाही.

आणि घाट. हे आपल्या भागातल्या लोकांना खास. डायव्ह झाल्यावर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. म्हणून एका डायव्हनंतर निदान बारा तास आणि जास्त डायव्ह केल्या तर अठरा तास विमानात बसायचं नाही असा नियम आहे. ६०० मीटरच्या वर चढण्यालाही सावध माणसं तोच नियम लावतात. आंबोली तेवढी उंच आहे आणि आपलं जुन्नरही. सहा-सात मीटरच्या पहिल्या डायव्हला धोका थोडाच, पण आमच्या इन्स्ट्रक्टरनी स्वतःहून विचारलं, “आज रात्री घाट चढणार का?” आमच्या यांनी गाडी त्याच संध्याकाळी काढायची ठरवली होती, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं म्हणून. शेवटी तिथेच राहिलो. दुकान एक दिवस बंद राहिलं. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून मी प्रतिक्रमण केलं, इरियावहियाच्या वेळी पाण्याकडे बघवत नव्हतं.

आता मार्चमध्ये लेक स्वराज द्वीपाला चाललीय. तिने तिथल्या पाच जणांना एकच मेसेज पाठवला: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, मेडिकल फॉर्म आधी पाठवाल का, आणि माशांना खायला घालता का. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने दहा टक्के सूट दिली. एकाने लिहिलं, मेडिकल फॉर्मची गरज नाही. पाचव्या ठिकाणच्या बाईंनी फॉर्म पाठवला आणि खाली लिहिलं की आम्ही खायला घालत नाही आणि हात लावू देत नाही, चालत नसेल तर दुसरीकडे जा. भाव पाचांत सगळ्यात जास्त. लेकीने तिथेच पैसे भरले.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “बाई शिकवणार आहे? मग ठीक.” आणि थोड्या वेळाने, “सर्दी झाली तर जाऊ नको म्हणावं.”